सही करण्याआधी जाऊन बघ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोंड्याला घरी येऊन गेलीस आणि फेलोशिपचे माहितीपत्रक इथेच विसरलीस. एम.डी. मेडिसिन झाल्यावर डी.एम. ही पुढची विशेषज्ञतेची पदवी सोडून रुग्णसुरक्षेसाठी दोन वर्षे परदेशात का घालवायची, हा तुझ्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तूच त्यांना द्यायचे आहेस. मला लागले ते तुझे निघतानाचे वाक्य. ‘सर, यात निदान नाइट ड्यूटी तरी नसेल,’ असे तू म्हणालीस. हे पत्र त्या वाक्यासाठी आहे.

1996 च्या पावसाळ्यात मी ज्या रुग्णालयात होतो तिथे एक रुग्ण दगावला. परिचारिकेला शिरेतली सुई साफ करण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर हवे होते आणि हाताला आले पोटॅशियम क्लोराइड. ते सलाइनमध्ये मिसळून संथपणे द्यावे लागते. थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. चौकशी समितीत आम्ही तिघे होतो. भर दुपारी, पंख्याखाली बसून, पाऊण तासात आम्ही ‘परिचारिकेचा निष्काळजीपणा’ असा निष्कर्ष लिहिला आणि मी त्याखाली सही केली. तिची नोकरी गेली. ती सलग दुसरी पाळी करत होती हे आम्हाला ठाऊक होते, तरीही अहवालात त्याचा उल्लेख आला नाही.

दीड महिन्याने एका रात्री मी त्याच वॉर्डात दुसऱ्या रुग्णासाठी गेलो. वीज गेली होती. ट्रॉलीवरच्या ट्रेमध्ये दोन्ही औषधांच्या अँप्युल, म्हणजे छोट्या बंद कुप्या, शेजारी शेजारी होत्या. आकार तोच, दहा मिलिलिटरचे माप तेच, अक्षरे दोन्हींवर निळी. डिस्टिल्ड वॉटर म्हणून मी जी उचलली ती टॉर्चच्या उजेडात धरून वाचली, तर ती पोटॅशियमची होती. त्या परिचारिकेला पत्र लिहायला मी नंतर तीनदा बसलो. एकही पुरे झाले नाही.

तेव्हापासून माझे एकच म्हणणे आहे: जिथे चूक घडली तिथे, ज्या वेळी घडली त्या वेळी, स्वतः जाऊन उभे राहा. रात्री अडीचला घडलेली चूक दुपारी तीनला कळत नाही.

फेलोशिपमध्ये तुला पुष्कळ शिकायला मिळेल, आणि ते मनापासून शीक. चुकीच्या मुळाशी कसे जायचे, थकलेला माणूस आणि यंत्र यांचे नाते कसे तपासायचे, एखादा बदल खरोखर उपयोगी पडला की आकडे नुसते खालीवर झाले हे आलेखावरून कसे ओळखायचे, या विद्या माझ्या पिढीला कोणी शिकवल्या नाहीत. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला 44,000 ते 98,000 मृत्यू होत असावेत असा अंदाज मांडला तो 1999 साली; म्हणजे माझी ती सही होऊन तीन वर्षे उलटली होती. पण कार्यक्रम निवडताना एवढे विचार, की रुग्ण तपासण्याचे काम चालू राहते की नाही. राहत नसेल तर अर्ज करू नकोस.

शस्त्रक्रियेआधीची जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी-यादी तू थिएटरात पाहिली आहेस. आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात दिल्लीचेही एक होते, ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 साली प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ती सक्तीची झाली आणि 101 रुग्णालयांच्या 2014 च्या अभ्यासात लक्षणीय फरक दिसला नाही. कारणांवर वाद आहेत. माझे मत विचारशील तर, चौकटीत बरोबरची खूण करणे आणि टेबलापाशी थांबून एकमेकांना मोठ्याने विचारणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि यातले कोणते होते आहे हे कागदावरून कळत नाही. जाऊनच बघावे लागते.

आपल्याकडचेच घे. एका वॉर्डात दोन नाईक, दोन गावकर आणि तीन फर्नांडिस सहज असतात. सत्तरी तालुक्यातून आलेल्या आजीला ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारले की ती डॉक्टरच्या मानाखातर ‘व्हय’ म्हणते, नाव कोणाचेही असो. म्हणून ‘तुमचें नांव कितें?’ असेच विचारायचे आणि उत्तर तिच्या तोंडून येऊ द्यायचे. हे मला कोणत्याही रजिस्टरने शिकवले नाही. खाटेपाशी उभा होतो म्हणून कळले. आणि तू म्हणतेस, नाइट नसेल! मग कशाला जातेस?

मी फार ताणतो असे माझे सहकारी म्हणत. पुढे एका चौकशीत वॉर्ड न पाहता सही करायला मी नकार दिला, ती लांबली, वरिष्ठ नाराज झाले आणि वैद्यकीय अधीक्षकपद दुसऱ्याला मिळाले. घरच्यांनाही तो हट्ट वाटला. मी मात्र आजही तेच करीन, कारण एकदा न पाहता केलेल्या सहीची किंमत माझ्याऐवजी एका पंचवीस वर्षांच्या मुलीने मोजली आहे.

रागावलो असलो तरी तू जावेस असेच मला वाटते. शिफारसपत्र मी लिहीन, मात्र आधी एक काम कर. तुझ्याच वॉर्डात, तुझी ड्यूटी नसलेल्या एका रात्री, दोन ते चार या वेळात औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी राहा. सिस्टरला अगोदर सांग, तिच्या कामात हात घालू नकोस, कोणाची चूक टिपू नकोस. ट्रॉलीवर काय कशाशेजारी आहे आणि उजेड कुठून येतो, एवढे कागदावर उतरव. तो कागद घेऊन ये. माहितीपत्रक टेबलावरच ठेवले आहे.

तुझा,
सर