डीबीएस केलेले पार्किन्सन्सचे रुग्ण पुढे खरंच समाधानी असतात का?

तुमच्या बाबांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, डॉक्टर डीबीएस (मेंदूत बारीक तारा बसवून छातीतल्या बॅटरीच्या मशीनने सौम्य वीज देण्याचं ऑपरेशन) करा म्हणतात, खर्च लाखांत आहे आणि केलेली माणसं नंतर खूश असतात का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरी झालंय, म्हणून लिहिते. आम्ही नाशिकचे. आमचे हे समाधानी आहेत, बहुतेक जण असतात. पण कशाबद्दल समाधानी, ते विचारा.

ह्यांचा मुख्य त्रास गोळीच्या चढउताराचा होता. सिंडोपा (पार्किन्सन्सची नेहमीची लेव्होडोपाची गोळी) घेतली की बरं वाटायचं, दोन-अडीच तासांत अंग ताठ. गोळी चढली की हातपाय आपोआप वळवळायचे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायचं तरी गोळीची वेळ बघून. आता वळवळ जवळपास गेली, गोळ्याही बऱ्याच कमी झाल्या. त्यांच्या मते पैसे वसूल.

माझं उत्तर जरा वेगळं येईल. त्यांचा आवाज आधीच बारीक झाला होता, आता ते पुटपुटल्यासारखं बोलतात. फोनवर लेकीला कळत नाही, मग मी मधे दुभाषी. त्यांना स्वतःला आवाज खणखणीत वाटतो, हा भाग वेगळाच! बोलणं, तोल, विसरभोळेपणा, बद्धकोष्ठता यांना डीबीएसचा फारसा उपयोग नाही. बोलणं तर कधीकधी बिघडतं. रुग्ण खूश असला तरी घर तितकंच खूश असेल असं नाही, ते यामुळे. पॅरिसच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये २९ रुग्णांचा अभ्यास छापला होता. हालचाल छान सुधारली, तरी अनेकांची संसारात आणि कामात ओढाताण झाली. वाचल्यावर मला नवल वाटलं नाही.

आम्हाला डॉक्टरांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती: गोळी पुरती चढलेली असताना रुग्ण जितका चांगला असतो, तितका तो दिवसातला जास्त वेळ राहील, त्यापलीकडे नाही. अपवाद कंपाचा, गोळीला न जुमानणारा कंपही थांबू शकतो. म्हणून बाबांनाच विचारा, काय सुधारायला हवंय? 'तोल सावरायचाय' किंवा 'पूर्वीसारखं बोलायचंय' असं म्हणाले, तर निराशा ठरलेली.

ऑपरेशननंतरच्या महिन्यांबद्दल कोणी फार बोलत नाही. मशीन सहसा काही आठवड्यांनी सुरू करतात आणि सेटिंग नीट बसायला तीन ते सहा महिने लागू शकतात. तेवढ्यात पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईच्या खेपा, आणि दर खेपेला 'अजून काहीच फरक नाही' ही कुरकुर. त्या दिवसांत विचारलं असतं तर ह्यांनी नाहीच म्हटलं असतं. साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, तो खर्च आत्ताच विचारून ठेवा. चार्जिंगची जास्त टिकते, पण चार्जिंग लक्षात ठेवणारं घरात कोणीतरी हवं. आणि पुढे गुडघा दुखला म्हणून फिजिओथेरपीला गेलात, तर डायथर्मीचा (विजेच्या यंत्राने आतपर्यंत दिला जाणारा) शेक अजिबात घेऊ देऊ नका, मशीन असलेल्यांना तो जिवावर बेतू शकतो.

बाबांची लेव्होडोपा चाचणी झाली का? गोळी न घेता आणि घेतल्यावर हालचाल मोजतात ती. साधारण ३० टक्के तरी फरक अपेक्षित असतो. बाबांचा किती आला ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.