आधी धूर रंगव

बाळा, अनेक आशीर्वाद.

कॅनव्हासचा फोटो मिळाला. पहिल्याच मोठ्या नकलेसाठी तू जर्मन चित्रकार मेन्झेलची ‘रोलिंग मिल’, म्हणजे तापलेलं लोखंड लाटणाऱ्या कारखान्याचं चित्र, निवडलीस हे वाचून आधी हसू आलं, मग जरा हेवा वाटला. पंचविशीत मीही हेच चित्र घेऊन बसलो होतो. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली आणि एकेक चेहरा पुरा करत उजवीकडे सरकलो. दोन महिन्यांनी चार पावलं मागे जाऊन पाहतो तर काय, शाळेच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो! सगळे सारखेच ठळक. तापलेलं लोखंड कुठे आहे तेच कळेना.

आधी मापाचं बघ. मूळ चित्र 158 सेंटिमीटर उंच आणि 254 सेंटिमीटर रुंद आहे. तुझा कॅनव्हास 18 बाय 24 इंच. त्यात ते तसंच बसवलंस तर सगळे कामगार ताडमाड होतील. रुंदी 24 ठेव आणि 15 इंचांवर रेघ मार. म्हणजे मूळच्या चार इंचांना तुझ्याकडे जेमतेम एक इंच मिळेल. मागच्या गर्दीतल्या डोक्यांना नाक-डोळे काढायला जागाच उरणार नाही, आणि ते बरंच आहे.

मेन्झेलनेही मागची माणसं धुरातच सोडली आहेत. आजच्या पोलंडमधल्या सिलेशियातल्या, रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या या कारखान्याच्या चित्रासाठी त्याने शंभराहून जास्त रेखाटनं केली, 1872 ते 1875 चित्रावर घालवली; एवढं सगळं माहीत असूनही त्याने ते सगळं दाखवलं नाही. तू डोळे किलकिले करून बघ. काय उरतं? मध्ये एक पेटता पट्टा, भोवती काळपट माणसांचा पुंजका आणि मागे राखाडी उजेड. एवढंच तीन टोनमध्ये, म्हणजे उजळ, मधला आणि गडद अशा तीनच छटांत, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरव. ते जमेपर्यंत कॅनव्हासला हात लावू नकोस.

मग बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळा कॅनव्हास तपकिरी करून घे. गडद भाग पातळच ठेव, पण ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट अंबर एकत्र कर. जवसाचं तेल वरच्या थरांसाठी. मी हे उलटं केलं होतं, खाली तेलकट आणि वर पातळ. काही वर्षांत चित्राला भेगा पडल्या.

आता लोखंड. ते पिवळं आहे म्हणून चमकत नाही, शेजारचं सगळं त्याच्यापेक्षा खूप गडद आहे म्हणून चमकतं. नारिंगीत पांढरा मिसळत गेलीस की रंग दुधाळ होतो आणि ताप निघून जातो. कडेला शुद्ध नारिंगी, गाभ्यात फिकट पिवळा, आणि तो अगदी शेवटी. तोवर कुणाच्या सदऱ्यावरही स्वच्छ पांढरा खर्चायचा नाही. मोबाइलवर बघून नक्कल करू नकोस. पडदा स्वतःच उजळतो, त्याच्याशी तुझा पांढरा कसा जिंकणार? चांगली प्रिंट काढून घे.

उजवीकडचा खालचा कोपरा मात्र सावकाश कर. पत्र्याच्या आडोशाला काही जण जेवताहेत, एक बाई टोपलीशी वाकली आहे. इकडे घास चाललाय आणि तिकडे सांडशीत लालबुंद लोखंड. मला तर पूर्ण चित्रापेक्षा हा कोपराच जास्त आवडतो. पटलं तर एवढ्याचीच वेगळी नक्कल कर, मोठ्या आकारात.

आणि हो, तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून बादलीत कोंबत जाऊ नकोस. जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापतात, पेटही घेतात. पाण्यात बुडव नाहीतर बाहेर पसरून वाळव. खिडकी उघडी असू दे.

तीन टोनचं पोस्टकार्ड झालं की फोटो नको, तेच टपालाने पाठव.

तुझा,
सर