'कुंबलंगी नाइट्स' मुलांसोबत बघावा का? वय, आशय आणि थोडं शम्मीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात ९ वर्षांचा मुलगा, १३ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. 'कुंबलंगी नाइट्स' या मल्याळम चित्रपटाखाली 'कॉमेडी, ड्रामा' असं लिहिलंय. रविवारी सगळ्यांनी मिळून लावला तर पंचाईत होईल का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. मुलीला दाखवा, पण तुम्ही शेजारी बसा. मुलाला तीन-चार वर्षं थांबू द्या. सासूबाईंना खुशाल बसवा. नको तो सीन आला की रिमोट शोधत धावायचं, ही जी धास्ती असते तिला इथे फारसं कारण नाही. अडचण आहे, पण ती भलतीकडेच आहे.

वयाचा आकडा बघून ठरवू नका. हा चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. तेव्हा सेन्सॉर बोर्डाकडे यू, यूए आणि ए (आणि क्वचित लागणारा एस) एवढेच गट होते. यूए म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांचं आईवडिलांनी बघून घ्यावं, इतकाच त्याचा अर्थ. यूएचे ७, १३ आणि १६ असे तुकडे २०२३ च्या कायदादुरुस्तीने पडले. ओटीटीवर ही विभागणी २०२१ च्या नियमांपासून आहे, पण तिथे वयोगट प्लॅटफॉर्म स्वतः ठरवतो, बोर्ड नाही. त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात कारण दिलेलं असतं: हिंसा, भाषा, नशा वगैरे. आकड्यापेक्षा ती ओळ जास्त कामाची. तरी 'घरातल्या माणसाची भीती' असा रकाना कुठल्याच यादीत नसतो, आणि या चित्रपटात नेमकी तीच आहे.

गोष्ट कोचीजवळच्या कुंबलंगी नावाच्या बेटावजा गावातली. लेखन श्याम पुष्करनचं, दिग्दर्शन मधु सी. नारायणनचं. पाण्याकाठी एक अर्धवट घर, त्यात चार भाऊ आणि रोजची हाणामारी. धाकटा फ्रँकी बाहेरगावी शिकतो. सुट्टीत मित्र म्हणतात, चल, तुझ्या घरी जाऊ. हा ठोकून देतो की घरी सगळ्यांना कांजिण्या झाल्यात. तुमचा मुलगा इथे हसेल. मुलगी हसेल आणि हा खोटं का बोलला तेही तिला कळेल. दोघांच्या वयातला फरक या एका प्रसंगात दिसेल तुम्हाला.

आता शम्मी. चौघांपैकी बॉबी ज्या बेबीमोलच्या प्रेमात पडतो, तिच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. काम फहाद फासिलने केलंय. (इथून पुढे कथा थोडी फुटते. तुम्ही स्वतः अजून बघितला नसेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा.) लग्न होऊन फार दिवस झालेले नाहीत, राहतो सासुरवाडीला, म्हणजे आपल्या भाषेत घरजावई. बराच वेळ तो वावगं असं काहीच करत नाही. आरशासमोर मिशी कोरतो. आरशाला चिकटलेली टिकली ब्लेडने खरवडून काढतो. जेवायच्या टेबलावर मुख्य खुर्ची घेतो. मेव्हणीशी गोड हसून बोलतो आणि ते हसू तोंडावर गरजेपेक्षा दोन सेकंद जास्त राहतं. प्रेक्षक आधी हसतो, मग हळूहळू अस्वस्थ होतो. शेवटाकडे बायको पहिल्यांदा आवाज चढवून सांगते की माझ्या बहिणीशी नीट बोलायचं. त्यावर हा काही न बोलता उठून खोलीच्या कोपऱ्यात जातो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. रक्त नाही, आरडाओरडा नाही, पण अंगावर काटा येतो. त्यानंतर तो घरातल्या बायकांना बांधून घालतो, तोंडात बोळे कोंबतो, आणि भाऊ सोडवायला आले की झटापट होते. मारामारी म्हणून बघितली तर हाणामाऱ्यांच्या सिनेमापुढे काहीच नाही. पण त्या सिनेमातला खलनायक मुलांना लांबूनच ओळखू येतो. इथे तो हसतमुख भावोजी आहे. ९ वर्षांच्या मुलाला हे झेपत नाही असं माझं मत. त्याला नेमकी कशाची भीती वाटली तेही सांगता येणार नाही, नुसता रात्री तुमच्या खोलीत येईल झोपायला. सासूबाईंचं उलट. त्या शम्मीला पहिल्या पाच मिनिटांत ओळखतील. नात्यागोत्यात असा एखादा बघितलेला असतोच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि 'कॉमेडी' या शब्दामागे ती पार झाकली जाते. थोरला भाऊ साजी दारूच्या नशेत गळफास घ्यायला जातो. त्याला वाचवताना त्याचा मित्र मुरुगन मरतो. प्रसंग थोडक्यात आटपतो, पण त्याचं ओझं पुढे सगळ्या गोष्टीवर आहे. साजीला रडताच येत नाही. शेवटी तो धाकट्या भावाला म्हणतो, मला डॉक्टरकडे घेऊन चल. डॉक्टरच्या छातीवर डोकं टेकून तो जे रडतो, ते सौबिन शाहिरने असं केलंय की तेवढ्यासाठी मी हा चित्रपट कुणालाही सुचवीन. मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जाण्याची लाज आपल्याकडच्या पडद्यावर इतक्या सहज क्वचित उतरवलेली असते. १३ वर्षांच्या मुलीशी यावर बोलता येईल, म्हणूनच शेजारी बसा म्हटलं. मात्र घरात, सोसायटीत किंवा तिच्या शाळेत नुकतीच अशी घटना घडली असेल तर आत्ता नको. सहा महिन्यांनी बघा.

प्रेमप्रकरणात लपवण्यासारखं काही नाही. थिएटरच्या अंधारात बॉबी बेबीमोलचं चुंबन घ्यायला जातो, ती नको म्हणते, तो ऐकत नाही आणि थप्पड खातो. तुम्हाला वाटेल की इथे पुढे ढकलावं. ढकलू नका. नकार म्हणजे नकार हे मुलीला तुमच्या भाषणापेक्षा त्या एका थपडेतून लवकर पोचेल. चौघांतला बोनी बोलू शकत नाही. त्याची परदेशी मैत्रीण होमस्टेमध्ये उतरलेली असते आणि लग्नाआधी दोघं एकत्र राहण्यावरून शम्मी तमाशा करतो. सासूबाई भुवया उंचावतील त्या इथे. पण गोष्ट कुणाच्या बाजूने उभी आहे ते त्यांनाही दिसेल.

बाकी किरकोळ. दारू आणि सिगारेट बरीच आहे. भावाभावांत शिवीगाळ होते, पण मल्याळम कानाला कळत नाही आणि सबटायटल धावती असतात, त्यामुळे मुलांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. सबटायटलचा प्रश्न मात्र मुलाच्या बाबतीत वेगळ्या अर्थाने आहे. इंग्रजी ओळ पुरी वाचून होईपर्यंत चित्र पुढे सरकलेलं असतं, मग 'आई, काय म्हणाला?' सुरू होतं. विनोद निम्मा बोलण्यात आहे, तो त्याच्या हाती लागणारच नाही. सासूबाईंसाठीही कुणाला तरी अधूनमधून मराठीत सांगावं लागेल. ते काम मुलीला द्या, तिला आवडेल.

चौघांनी मिळूनच बघायचं असेल तर माझी पसंती दोन चित्रपटांना. मुलाला फुटबॉल आवडत असेल तर 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' (२०१८). केरळातल्या मलप्पुरमच्या सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या फुटबॉल स्पर्धेत खेळायला आलेला नायजेरियन खेळाडू जखमी होतो आणि मॅनेजरच्या घरी मुक्कामाला पडतो. भाषा येत नसताना त्याची सरबराई करणाऱ्या दोन म्हाताऱ्या सासूबाईंना फार आवडतील. त्याच्या देशातल्या हालअपेष्टांचा भाग थोडा जड आहे, पण तो समजावून सांगता येतो. दुसरा 'होम' (२०२१). मुलांशी बोलता यावं म्हणून स्मार्टफोन शिकायला निघालेला बाप, भूमिकेत इंद्रन्स. अडीच तासांहून मोठा आहे आणि मध्ये रेंगाळतो, तेव्हा मुलगा उठून खेळायला गेला तर जाऊ द्या.

आणि 'कुंबलंगी' शनिवारी रात्री, मुलगा झोपल्यावर. सव्वादोन तास लागतात. साडेनऊच्या आत सुरू करा, कारण संपल्यावर मुलगी शम्मीबद्दल बोलत बसणार.