प्रत ठेवशील तर तिचा जन्मदाखलाही ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या पातळीचे आकडे तू पावसाळाभर उतरवून ठेवलेस आणि आता आजवा जलाशयातून पाणी कधी, किती सोडलं याचे कागद मागवणार आहेस, याचा मला मनापासून आनंद आहे. ऑगस्ट 2024मध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे आकडे पुढेही लागणार आहेत. संकेतस्थळाच्या ज्या पानावर फक्त ताजी पातळी दिसते, तिथला कालचा आकडा आज शोधून मिळत नाही.

पण तू पाठवलेलं फोल्डर पाहिलं. ‘पातळी नवीन’, ‘पातळी नवीन 2’, ‘पातळी शेवटची’. कुठल्या पुलाजवळची, सकाळची की रात्रीची, काही कळत नाही. उद्या कोणी विचारलं की हा आकडा सरकारनेच दिला होता कशावरून, तर काय दाखवशील?

आपल्या बडोद्याच्या दप्तरात गायकवाडी काळातले मोडी कागद आहेत. असे कागद रुमालात बांधून ठेवायची पद्धत. रुमालावरची चिठ्ठी गळाली की आतला कागद कितीही अस्सल असला तरी शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. म्हणून फाइलच्या नावात आधी तारीख, मग ठिकाण. सोबत एक साधी नोंद: पानाचा पूर्ण पत्ता, उतरवल्याची वेळ, उतरवणाऱ्याचं नाव. शक्य तिथे एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ठसा, काढून तोही लिही. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी तो वेगळा येतो. तेच पान वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या प्रती जपणाऱ्या ऑनलाइन संग्रहातही साठव. तिथली तारीख तुझ्या हातात नसते, म्हणूनच तिला वजन आहे.

2025च्या सुरुवातीला अमेरिकेत सरकारी संकेतस्थळांवरून आरोग्याची पानं काढली गेली. त्याच सुमारास हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाने तिथल्या सरकारी डेटा पोर्टलवरचे 3,11,000हून जास्त डेटासंच जतन करून खुले केले. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की प्रत्येक संचाची माहिती आणि तो अस्सल असल्याची डिजिटल खूणही त्यांनी सोबत ठेवली.

आता अर्जाविषयी. माहिती अधिकार कायदा 2005चं कलम 4 आधी वाच. कार्यालयाने दस्तऐवजांची सूची ठेवायची आणि कितीतरी माहिती न मागताच जाहीर करायची, असं ते सांगतं. तिथे नाही मिळालं तरच अर्ज कर. गुजरातमध्ये शुल्क 20 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील पुढच्या 30 दिवसांत. ही तारीख आजच वहीत लिहून ठेव. ‘पूर का आला’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची पाणी सोडल्याची नोंदवही माग. नोंदी संगणकात असतील तर फाइल त्याच स्वरूपात माग, कारण स्कॅन केलेल्या कागदावरचे आकडे परत टाइप करताना चुका घुसतात. कागद जाऊन पाहण्याचा हक्कही तुला आहे. मी तर तोच आधी वापरायला सांगेन: समोर वही उघडी असली की नेमकं काय मागायचं ते कळतं.

2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8मधली वैयक्तिक माहिती न देण्याची सूट फार रुंद केली आहे, आणि मला ते चुकीचंच वाटतं. त्या सबबीवर नकार आला तर अपिलात 8(2) मांड. नुकसानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, ही तरतूद अजून शाबूत आहे. मात्र मदतीच्या यादीत लोकांचे आधार किंवा बँक खात्याचे क्रमांक हाती आले, तर खुल्या प्रतीत ते झाकायचे. आपल्याला सरकारचा हिशेब हवा आहे, शेजाऱ्याचं खातं नको.

सगळं एकाच लॅपटॉपवर ठेवू नकोस. एक प्रत दुसऱ्या शहरातल्या विश्वासू माणसाकडे दे.

अर्जाचा मसुदा पाठवण्याआधी जुन्या फायलींची यादी कर. जिची तारीख आठवत नाही तिच्यापुढे ‘तारीख अज्ञात’ असंच लिही, अंदाजाने भरू नकोस.

तुझा,
काका