थंडीत सीलंट वाळत नाही? आधी दहिवर बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. खारघरला डोंगराच्या बाजूला ओपन पार्किंग, काळी गाडी, रविवारी सकाळी साडेसहाला धुवून हाताने पॉलिश केलं आणि लगेच सीलंट (रंगावर बसून त्याला जपणारा पातळ थर) मारलं, अर्धा तास थांबलात तरी पांढरट साय धरलीच नाही आणि पुसल्यावर बोनेट आणि रूफवर तेलकट पट्टे राहिले. आता विचारताय की थंडी जाईपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत थांबू का, कारण नाताळात महाबळेश्वरला जायचंय. अजिबात थांबू नका. आपल्या ठाणे-नवी मुंबईत सीलंट मारायला डिसेंबर ते फेब्रुवारीइतके चांगले दिवस वर्षात नाहीत, पाऊस नाही, दुपारची हवा कोरडी. तुमची फक्त वेळ चुकली.

आपली थंडी म्हणजे पहाटे 16-17 अंश. बऱ्याच सीलंटच्या बाटलीवर साधारण 10 अंशांच्या वर वापरा असं लिहिलेलं असतं, म्हणजे नुसत्या थंडीने आपल्याकडे काही अडत नाही. अडतं ते दहिवराने. रात्री मोकळ्या आभाळाखाली उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षाही जास्त थंड होतो, म्हणून तर पहाटे जमीन कोरडी दिसते आणि रूफवर मात्र बोटाने नाव लिहिता येतं. तुम्ही धुवून पुसलंत, पण पत्रा तेवढाच गार होता, त्यामुळे पुसल्यापुसल्या त्यावर परत डोळ्याला न दिसणारा ओलावा धरत होता. फ्रिजमधली बाटली कितीही पुसा, परत घाम येतोच ना, तसं. त्या ओल्या थरावर सीलंट बसलं, मग ते वाळणार कसं आणि रंगाला धरणार कसं?

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. पहाटे 17 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन धरतं तो आकडा, येतो साधारण 15 अंशांवर. तीच हवा साडेदहाला 25 अंशांवर गेली की आर्द्रता 55 टक्के दाखवते, पण दवबिंदू तोच, 15 च्या आसपास. हवेतलं पाणी कमी झालेलं नसतं, पत्रा गरम झालेला असतो. म्हणून ॲपवर नुसतं तापमान बघून उपयोग नाही, दवबिंदूही बघा आणि पत्रा त्याच्यापेक्षा चार-पाच अंश तरी वर आलाय का ते बघा. कोविडच्या वेळी घेतलेली कपाळाची गन घरात पडली असेल आणि तिला सरफेस मोड असेल तर तीही चालते. नसेल तर सोपी टेस्ट, एक हातभर जागा कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, पाच मिनिटं थांबा, मग तळहाताची पालथी बाजू टेकवून बघा आणि तिरप्या उजेडात धुरकट दिसतंय का ते बघा. दिसलं तर चहा घ्या आणि थांबा.

हे मी निफाडला शिकलो. सासुरवाडी तिकडची, आणि निफाडची थंडी तुम्हाला माहितीच असेल, पारा 5-6 वर येतो, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. तिथे मी सकाळी साडेसातला अंगणात सीलंट मारलं. चाळीस मिनिटांनी दारावर बोट फिरवलं तर तूप लावल्यासारखं सरकलं, नुसतं पसरलं, सुटलं नाही. मी जोर लावून पुसत बसलो तर अजून पट्टे. सासरे म्हणाले, अहो उन्हं तर येऊ द्या. अकराला पत्रा कोमट झाल्यावर एका दारावर परत अगदी पातळ थर लावला, वीस मिनिटांनी आधीचा आणि नवीन दोन्ही एका हातात सुटले, खाली आरसा. तेव्हापासून घड्याळ बघायचं सोडलं आणि बोट फिरवून बघायला लागलो. बोट फिरवल्यावर स्वच्छ रेघ उमटली तर पुसा, पसरलं तर थांबा. बाटलीवरची पंधरा मिनिटं ही 20-25 अंशांची असतात, गारव्यात तेच पाऊण तास लागू शकतो.

तुमच्या बोनेट-रूफलाही हाच इलाज. आधी नुसत्या पाण्याचा हलका फवारा मारून कोरड्या फडक्याने निघतंय का बघा, नाही निघालं तर त्याच सीलंटचा पातळ थर देऊन वाळल्यावर पुसा. परत पॉलिश मात्र करू नका हां. पॉलिशमध्ये घासणारे कण असतात आणि रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, असतो जेमतेम 40-50 मायक्रॉन, केसापेक्षाही पातळ, पट्टे सीलंटचे आहेत तर रंग कशाला झिजवायचा.

अजून एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात खटकली, पॉलिश आणि सीलंटच्या मधे काहीच केलं नाहीत. पॉलिशमध्ये तेलं असतात, गारव्यात ती पुसायला जड जातात आणि तशीच राहिली तर सीलंटला रंग पकडताच येत नाही. मधे एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून, साधारण 15 टक्के, फडक्यावर घेऊन पुसून काढायचं. पट्टे परत परत वर येत असतील तर ओलाव्याबरोबर हेही कारण असेल, मग त्या दोन पॅनलवर अल्कोहोलने सगळं काढून पहिल्यापासून सीलंट मारा.

आता कधी आणि कसं. सोसायटीत स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेत, एक दिवस जागा मागून घ्या, कुणी ना कुणी देतं, वर छत असलं की पत्रा इतका गार पडत नाही आणि दहिवर जवळजवळ धरत नाही. धुणं नऊला, सीलंट दहा ते बारा. दुपारी उघड्यावर तर मुळीच नको, काळा पत्रा जानेवारीतही उन्हात हात ठेववत नाही इतका तापतो आणि मग उलटा प्रॉब्लेम, लावल्यालावल्या कडक होतं आणि निघता निघत नाही. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बोनेट गरम आणि दारं गार असतात, दोन्हीकडे वेगवेगळं वाळतं, म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. एका वेळी एक पॅनल. आणि थर पातळ, पॅडवर वाटाण्याएवढे तीन थेंब एका दाराला पुष्कळ होतात, जास्त लावलं म्हणून जास्त टिकत नाही, ते नुसतं पुसण्यात जातं. बाटली गार असेल तर कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवा आणि चांगली हलवून घ्या, पण गॅसजवळ नेऊ नका, बऱ्याचदा आत सॉल्व्हंट असतो, पेट घेऊ शकतो.

तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूची हवा असेल तर आधी पत्र्यावर प्लास्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवा, खरखर लागली तर क्ले बार करा, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीची वडी पत्र्यावर फिरवा. आमच्याकडे घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ इतकी की मी क्ले केल्याशिवाय सीलंट उघडतच नाही.

सिरॅमिक कोटिंगला यातलं सगळं जसंच्या तसं लावू नका, ते बरंचसं हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं आणि चुकलं तर पुसून निघत नाही, घासावं लागतं.

मारल्यानंतरची पहिली रात्र महत्त्वाची. दुपारी काम झालं आणि रात्री परत ओपनला लावलीत तर पहाटेचं दहिवर कच्च्या सीलंटवर बसतं आणि ऊन आलं की ठिपके राहतात. निदान चोवीस तास छताखाली ठेवा, दुसरा थर द्यायचा असला तरी त्यानंतरच. आणि पहाटे गाडी पुसणाऱ्या दादांना दोन दिवस गाडीला हात लावू नका म्हणून आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. माझं एकदा सगळं छान झालं होतं आणि पहाटे पाचला बादलीतल्या टँकरच्या पाण्याने त्यांनी नेहमीसारखी पुसली, त्यांची काय चूक, मीच सांगितलं नव्हतं.

महाबळेश्वरला निघायच्या तीन दिवस आधी हे उरका. एकदा पक्कं झालं की तिकडच्या थंडीने सीलंटला काही होत नाही, फक्त तिथे सकाळी ओल्या, धुळकट गाडीवर कोरडं फडकं फिरवू नका, आधी पाणी सोडून धूळ जाऊ द्या. काळ्या रंगावर बारीक गोल ओरखडे येतात ते याच सवयीने. पट्टे निघाले की उन्हात तिरपा फोटो काढून टाका, राहिलेलं काय आहे ते बघून सांगतो.