भाषाप्रश्न : शिळेवर कोणता शब्द कोरावा?

प्रश्न : आमच्या सोसायटीतील एका कुटुंबाचा मुलगा सैन्यात होता. सीमेवरील चकमकीत तो गेला. त्याच्या स्मरणार्थ प्रवेशद्वारापाशी शिळा बसवण्याचे ठरले आहे. काही सभासद ‘शहीद’ शब्दाचा आग्रह धरतात, काही ‘हुतात्मा’चा, तर एका ज्येष्ठ सभासदांच्या मते दोन्ही चुकीचे आहेत. आपले मत कळवावे. — एक वाचक, वानवडी, पुणे

उत्तर : आपल्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. ‘शहीद’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ साक्ष देणारा आणि पुढे श्रद्धेसाठी प्राण देणारा, असा आहे. वर्तमानपत्रांनी तो कितीही रुळवला असला, तरी संरक्षण आणि गृह मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगासमोर स्पष्ट केले होते की, असा कोणताही शब्द सरकारी व्यवहारात वापरला जात नाही. लष्कराच्या नोंदीत असा मृत्यू ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणून लिहिला जातो. सावरकरांनी ‘शहीद’ला दिलेला प्रतिशब्द ‘हुतात्मा’, म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. शब्द सुंदर आहे. पण स्वातंत्र्यलढा आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन यांमुळे मराठी कानाला त्यातून प्रथम ऐकू येतो तो गोळीबाराला सामोरा गेलेला निःशस्त्र नागरिक. मुंबईचा हुतात्मा चौक त्यांचाच आहे.

सैनिकासाठी मराठीत जुना शब्द आहे ‘धारातीर्थी पडणे’. शस्त्राची धार हेच तीर्थ, अशी त्यामागची कल्पना. मात्र आज तो शिळेवर थोडा नाटकी वाटेल. ‘वीरमरण’ हा शब्द मला सर्वांत नेटका वाटतो, आणि त्यापुढे ‘पत्करले’ऐवजी ‘आले’ लिहावे. सैनिक मरणाची जोखीम पत्करतो, मरण नव्हे. तो परत येण्याच्याच तयारीने गेलेला असतो. ‘बलिदान दिले’ हेही मला खटकते, कारण बळी देणारा आणि बळी जाणारा हे सहसा वेगळे असतात.

परंतु शब्दाच्या वादात मुख्य गोष्ट निसटू नये, ती म्हणजे नाव. १७६१ च्या पानिपतानंतर पेशव्यांकडे निघालेल्या सावकारी सांकेतिक पत्राची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे : विश्वासराव आणि भाऊसाहेब ही दोन मोत्ये, सरदार म्हणजे मोहरा, आणि साधे शिपाई म्हणजे ज्याची गणतीच नाही असा खुर्दा. आपल्या गावोगावच्या वीरगळांवरही लढणारा वीर, त्याला नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवपिंडीची पूजा करणारा कैलासवासी वीर दिसतो (नावामागचे आपले ‘कै.’ आठवावे), पण बहुतेकांवर त्याचे नाव मात्र नसते. याउलट, खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६००हून अधिक सैनिकांच्या शिळा एकसारख्या आहेत. अधिकारी आणि शिपाई यांत उंचीचा भेद नाही, आणि ओळख पटलेल्या प्रत्येकाच्या शिळेवर नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली आहे. विशेषणे तेथे जवळजवळ नाहीत. शक्य झाल्यास शिळा घडवण्यापूर्वी समितीने एकदा तेथे जाऊन यावे.

तेव्हा आपल्या शिळेवर हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, जन्मतारीख, आणि त्याखाली ‘अमुक ठिकाणी, अमुक दिनांकास, कर्तव्य बजावताना वीरमरण आले’ एवढा मजकूर पुरेसा आहे. ‘अमर’, ‘थोर’, ‘महान’ यांना जागा ठेवू नये. नावाचे लेखन घरच्यांना विचारूनच करावे, कारण कागदोपत्री असलेले नाव आणि आईवडील लिहितात ते नाव यांत कधीकधी फरक असतो. हुद्द्याच्या जागी सरसकट ‘जवान’ लिहू नये. तो खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये असेल तर ‘सॅपर’ असे लिहावे, तोफखान्यात असेल तर ‘गनर’.