वाचक विचारतात: बेस मॉडेलला टॉप मॉडेलचा साज

या वेळी आलेली बहुतेक पत्रं रोज ऑफिसला जाणाऱ्या, चार मीटरच्या आत बसणाऱ्या सेडानची आहेत. जवळजवळ सगळ्यांना हवंय एकच: काम केलेलं ओळखू येऊ नये, गाडी कंपनीतूनच अशी आली असं वाटावं. चांगली हौस आहे. मात्र ती दिसण्यापुरती ठेवली तर पहिल्याच पावसाळ्यात अंगाशी येते.

प्रश्न (सांगली): माझी २०१९ ची डिझायर व्हीएक्सआय आहे. १४ इंची लोखंडी चाकं काढून १५ इंची अ‍ॅलॉय लावायची आहेत. टायरवाला १९५/६५ आर१५ घ्या म्हणतो, गाडी भरल्यासारखी दिसेल म्हणे. मायलेज पडेल का?

टायरवाल्याचं ऐकू नका. तुमच्याच गाडीच्या झेडएक्सआय या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर१५ देते. उत्तर तिथेच आहे, फक्त ते का बरोबर आहे ते समजून घ्या.

तुमचा आताचा टायर १६५/८० आर१४ (रुंदी १६५ मि.मी., बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंच), म्हणजे जमिनीपासून वरपर्यंत साधारण ६२० मि.मी. १८५/६५ आर१५ भरतो ६२१.५ मि.मी. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही, म्हणून स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअरिंग यांना काही कळतच नाही. १९५/६५ आर१५ मात्र ६३४.५ मि.मी. होतो, म्हणजे जवळपास अडीच टक्के उंच. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा अडीच किलोमीटर जास्त वेगाने धावत असेल, पिकअप मंदावेल, आणि मागे तिघं बसून डिकी भरलेली असताना खड्ड्यात टायर आतल्या लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासण्याची शक्यता वाढेल. १८५ च्या टायरनेही मायलेजमध्ये थोडा फरक पडतो, कारण टायर २० मि.मी. रुंद होतो. पण ब्रेक लावताना आणि वळणावर त्याची भरपाई होते.

रिम घेताना चार गोष्टी पाहा. पीसीडी (नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) ४×१००, रुंदी साडेपाच ते सहा इंच, ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) कंपनीच्या रिमएवढा किंवा त्याच्या पाच मि.मी. आतबाहेर, आणि मधलं भोक. चौथी गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. डिझायरच्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचं, माप ५४.१ मि.मी. आहे. बाजारातली बरीच रिम अनेक गाड्यांना चालावीत म्हणून ६७ किंवा ७३ मि.मी.चं भोक ठेवून बनवतात. मग चाक हबवर बसत नाही, नुसत्या नटांवर लटकतं, आणि ८०-९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक तीनतीनदा बॅलन्सिंग करून घेतात, रोग मात्र हा असतो. उपाय म्हणजे बरोबर मापाची हब रिंग. त्याहून बरं म्हणजे कंपनीचंच रिम. नवी गाडी घेतल्या घेतल्या मोठी चाकं लावणारे हौशी लोक मूळ १५ इंची सेट कोरा असतानाच विकून टाकतात, तसा एखादा शोधा. घेण्याआधी टायर उतरवून रिमची आतली बाजू पाहा: वेल्डिंगचा उंचवटा, घासल्याच्या खुणा किंवा फक्त आतूनच ताजा रंग दिसला तर परत द्या. टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडेही वाचा. २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा.

नट १२×१.२५ आट्याचे, शंकूच्या टोकाचे. एअर गनने करकचून आवळू देऊ नका. मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क रेंचवर लावून आडव्यातिडव्या क्रमाने आवळायला सांगा आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा, कारण नवं अ‍ॅलॉय जरा बसतं. अमेझवाल्यांनी इथे कान द्यावा: होंडाचे मूळ नट गोल बुडाचे असतात आणि आटे १२×१.५ चे. बाहेरच्या अ‍ॅलॉयला बहुधा शंकूचे नट लागतात. जुनेच नट लावले तर कडेची बारीक रेघ तेवढी टेकते आणि नट सैल होत जातात.

१४ इंची स्टेपनी राहू द्या. बाहेरची उंची सारखीच असल्याने पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू चालवत नेता येते. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर त्या मापासमोर लिहिलीय तेवढीच भरा. आणि विमा कंपनीला अ‍ॅलॉयची पावती पाठवून पॉलिसीत नोंद करून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर लोखंडी रिमचेच पैसे धरतो.

प्रश्न (कोल्हापूर): रात्री आंबोली घाटातून जाणं-येणं असतं. दिवे फारच मंद वाटतात. १००/९० चे बल्ब टाकू की एलईडी? टॉप मॉडेलचे फॉग लॅम्पही लावायचे आहेत.

दोन्ही बल्ब नकोत. एच४ हॅलोजनचा (हाय आणि लो बीम एकाच बल्बात असलेल्या दिव्याचा) रिफ्लेक्टर ठरावीक जागच्या ठरावीक तारेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिप त्या जागी नेमक्या बसत नाहीत, त्यामुळे उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्याच्या डोळ्यात जातो. तुम्हाला लख्ख वाटतं कारण बोनेटपुढचे दहा मीटर उजळतात. पावसात आणि धुक्यात तोच पांढरा उजेड परत येऊन तुमचे डोळे दिपवतो. १००/९० चं, म्हणजे हाय बीम १०० आणि लो बीम ९० वॅटच्या बल्बचं, दुखणं वेगळं. मूळ ५५ वॅटचे दोन दिवे लो बीमवर साधारण ८ अँपिअर ओढतात, ९० चे दोन १३ च्या पुढे जातात. होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो, आणि रिफ्लेक्टरचा मुलामा जळून दिवा कायमचा अधू होतो.

आधी मूळ दिव्यांना पुरेशी वीज मिळते का ते बघा. इंजिन चालू, लो बीम चालू. मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, मग बल्बच्या मागच्या कपलरवर (वायर जोडायच्या प्लगवर) मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर चोर सापडला. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याहून फार वेगाने पडतो: साडेतेराचे साडेबारा झाले की जवळपास पाव उजेड गेला. बहुतेक वेळा बॉडीला जोडलेली अर्थची वायर गंजलेली असते. ती सोडवून पॉलिश पेपरने घासा, पुन्हा आवळा, वरून ग्रीस लावा. तेवढ्याने भागलं नाही तर सिरॅमिक होल्डर आणि दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) असलेलं एच४ हार्नेस (तयार वायरींचा संच) घ्या. ते मूळ कपलरलाच जोडलं जातं, एकही वायर कापावी लागत नाही, आणि काढलं की गाडी पूर्ववत होते. त्यावर चांगल्या कंपनीचे ६०/५५ चेच बल्ब लावा. काच पिवळी झाली असेल तर ती पॉलिश केल्याशिवाय बाकीचा खर्च वाया जाईल.

फॉग लॅम्पसाठी आधी बंपरच्या आत हात घालून किंवा लायनर सैल करून बघा: काही गाड्यांत खालच्या मॉडेललाही कपलर टेपने बांधून ठेवलेला असतो. असेल तर दिवे, जाळी, स्विच आणि लागला तर रिले, एवढंच काम. नसेल तर वेगळी लाईन ओढावी लागेल. ५५ वॅटचे दोन दिवे धरले तर १५ अँपिअरचा फ्यूज आणि दीड ते दोन चौरस मि.मी.ची तांब्याची वायर. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरी, ८७ ला दिवे, ८६ ला स्विचमधून आलेली पार्किंग लाईटची लाईन, ८५ ला अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत असला पाहिजे, कारण त्याच्या अलीकडची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. वायर केबिनमध्ये नेताना पत्र्याला नवं भोक पाडू नका. आधीच्याच रबरी ग्रोमेटमधून न्या आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल आणि कार्पेटखाली जाणार नाही.

शेवटी गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. फॉग लॅम्पच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा १० सें.मी. खाली पडायला हवी. त्याहून वर असेल तर धुक्यात तो दिवा लावून उपयोग नाही.

प्रश्न (पुणे): नवी डिझायर घेतली. कापडी सीटवर लेदरसारखी कव्हर्स घालायची आहेत. डीलरकडची महाग आहेत, बाहेरची घेऊ का?

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या या डिझायरला सहा एअरबॅग सगळ्याच मॉडेलमध्ये आहेत. त्यातल्या बाजूच्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला असतात. तिथे एअरबॅग लिहिलेली चिठ्ठी शिवलेली दिसेल. जाड रेक्झिनचं कव्हर त्यावर घट्ट ओढलं तर बॅग उशिरा फुगेल किंवा भलत्याच बाजूला. म्हणून कव्हर एअरबॅगसाठी बनवलेलंच हवं. त्याची ती कड उघडी असते किंवा मुद्दाम कमजोर धाग्याने शिवलेली असते. दुकानदार नुसतं ‘सगळ्यांना बसतं’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. जुन्या डिझायरला फक्त समोरच्या दोन एअरबॅग आहेत, तिथे ही काळजी नाही.

प्रश्न (नागपूर): व्हॉल्यूमची बटणं असलेलं वरच्या मॉडेलचं स्टिअरिंग मिळालंय. घरी बसवता येईल का?

घरी नको. स्टिअरिंगमागे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते, तिच्यातूनच एअरबॅग, हॉर्न आणि बटणांच्या वायरी जातात. खालच्या मॉडेलच्या पट्टीत बटणांच्या वायरी नसू शकतात, मग तीही बदलावी लागते. बसवताना ती बरोबर मध्यावर नसली तर पूर्ण वळण घेताच तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो. काम करणाऱ्याने बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय एअरबॅगला हात लावता कामा नये. अपघातातल्या गाडीची एअरबॅग स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. तुमच्या स्टिअरिंगसोबत ती आली असेल तर आधी पार्ट नंबर आणि कपलर जुळवून घ्या.

प्रश्न (रत्नागिरी): दारं लावताना डबा आपटल्यासारखा आवाज येतो. डॅम्पिंग करून उपयोग होतो का? इथल्या पावसात गंज तर चढणार नाही?

आमच्या मते रोजच्या गाडीत पैसा वसूल करणारं हेच काम. दिसत मात्र काहीच नाही. २ मि.मी.ची ब्यूटाइल शीट घ्या. डांबराची स्वस्त शीट उन्हात ओघळते आणि गाडीला वास येतो. दाराचं आतलं ट्रिम काढा, प्लास्टिकचा पडदा न फाडता सोडवा, बाहेरचा पत्रा आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. बोटाने टकटक करून जिथे घुमतं तिथे, म्हणजे एकूण पत्र्याच्या तिसऱ्या हिश्शाला शीट पुरते. रोलरने दाबत राहा, फॉइलवरची नक्षी सपाट झाली की चिकटली समजा. दर चौरस मीटरला तीन-चार किलो वजन वाढतं, म्हणून उत्साहाच्या भरात टपापर्यंत जाऊ नका.

गंजाची भीती खरी आहे, पण ती शीटमुळे नसते. काचेच्या पट्टीतून पाणी दारात शिरतंच, ते जायला दाराच्या तळाशी भोकं असतात. कारागीर त्यावरच शीट चिकटवतात किंवा फाटलेला पडदा परत न लावता ट्रिम ठोकतात. मग दारात पाणी साचतं, स्पीकरचा कागद भिजतो आणि आतला कार्पेट कुबट होतो. काम झाल्यावर दारावर बाटलीभर पाणी ओता आणि खालून गळतंय ना ते स्वतः पाहा. गळत असलं तरच कारागिराचे पैसे द्या.

प्रश्न (ठाणे): डॅशकॅम लावल्यापासून तीन दिवस गाडी उभी राहिली की स्टार्ट होत नाही.

दुकानात घाईने कायम चालू राहणाऱ्या फ्यूजला वायर जोडलेली दिसते. गाडी बंद करून, लॉक करून, अर्ध्या तासाने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ती आणि टोक यांच्या मध्ये मल्टिमीटर लावून करंट मोजा. ३० ते ५० मिलिअँपिअर ठीक. २५० आले तर दिवसाला ६ अँपिअर-तास गेले, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी किती दिवस पुरेल याचा हिशेब तुम्हीच करा. किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजवर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून जादा वायर काढून देणारा जोड) लावा. उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग हवं असेल तर व्होल्टेज पडताच बंद होणारं हार्डवायर किट घ्या. वायर ए पिलरमधून (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून) नेताना तिथे पडदा एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर ती बॅगच्या पुढून नको, मागून न्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मागे छोटा स्पॉयलर आणि पुढे बंपर लिप लावायचंय.

डिकीवरचा स्पॉयलर रंगाचा कोड देऊन आधीच रंगवून घ्या आणि व्हीएचबी टेपवर (दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या मजबूत टेपवर) बसवा. स्क्रूसाठी भोकं पाडली तर डिकीचा पत्रा तिथून गंजतो. टेपची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर वॉशिंग नको. पुढचं लिप मात्र सोडून द्या. तिसऱ्या पिढीच्या (नोव्हेंबर २०२४ च्या आधीच्या) डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मि.मी. आहे. त्यातले दोन-अडीच सेंटिमीटर आपल्या गतिरोधकांना दान करण्यात काय मजा?

प्रश्न (मडगाव): सायलेन्सर बदलून थोडा दमदार आवाज?

नाही. ना तो कंपनीसारखा वाटेल, ना कायद्यात बसेल.

प्रश्न (अहिल्यानगर): पोलिसांनी अडवलं तर यातलं काय काय चालतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदवलेल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला कंपनीने दिलेल्या मापाचं चाक, दिवा किंवा सीट कव्हर असेल तर अडचण सहसा येत नाही. पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड, अनेक सुरांचा हॉर्न आणि गाडीचा पूर्ण रंग परस्पर बदलणं यांत येते. पार्ट घेताना गाडीचा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर काउंटरवर द्या, वरच्या मॉडेलचा पार्ट नंबर बिलावर छापून घ्या आणि ते बिल गाडीतच ठेवा.